झाकलं जाण्याआधी: साइटवर जबाबदारी एका माणसाची कशी होते

सगळ्यात वरच्या मजल्यावरचं छत पहिल्याच पावसात ठिबकायला लागतं आणि बैठक बसते. ठेकेदार म्हणतो, काँक्रीट आरएमसी (रेडी-मिक्स) प्लांटवरून तयार आलेलं होतं. प्लांटवाले म्हणतात, आम्ही एम-२५ (चौरस मिमीला २५ न्यूटन ताकदीचं) दिलं, साइटवर पाणी कुणी ओतलं ते विचारा. स्ट्रक्चरल कन्सल्टंट म्हणतो, ड्रॉइंगमध्ये सगळं लिहिलेलं आहे. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, माझं काम झाल्यावर प्लंबरनं भोक पाडलं. साइट इंजिनिअर फाइल उघडून चेकलिस्ट पुढे करतो. तिच्यावर सहा सह्या. प्रत्येकाचा कागद बरोबर, आणि छत गळतंच आहे.

बारभाईची खेती म्हणतात ती हीच. माणसं वाढली की काळजी घेणारेही वाढतील असं वाटतं. प्रत्यक्षात ‘दुसरा बघेलच’ या भरवशावर प्रत्येक जण आपापला हात थोडा थोडा सैल सोडतो. हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. साइटवरच्या चार जणांना वेगवेगळं गाठून विचारा, ‘टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं कोण बघतं?’ चार वेगळी नावं आली, किंवा ‘साइट टीम’ असं उत्तर आलं, तर ते काम कुणीच बघत नाही असं धरून चाला. कामाच्या प्रत्येक भागावर एकाच माणसाचं नाव हवं, आणि ते त्या माणसालाही माहीत हवं. हे हसण्यावारी नेऊ नका. कित्येकदा नाव तक्त्यावर असतं आणि त्या बिचाऱ्याला ते गळती लागल्यावर कळतं.

पण नुसतं नाव लिहून भागत नाही. नाव असलेल्या माणसानं जाऊन बघायला हवं. आता सात मजली इमारतीत सुतारापासून लिफ्टवाल्यापर्यंत वीस-पंचवीस प्रकारची कामं चालतात. साइटच्या प्रमुखानं त्यातलं काय काय स्वतः बघायचं? ‘सगळं’ हे उत्तर खोटं आहे. सगळं बघतो म्हणणारा माणूस सगळीकडून फक्त चालत जातो.

जे परत दिसणार नाही ते

रंग चुकला तर दिसतो. फरशी पोकळ बसली तर ठोकल्यावर आवाज सांगतो. दार फुगलं तर रंधा मारता येतो. या कामांवर सुपरवायझरची नजर पुरते. चूक झाली तरी ती समोर येते आणि पैसे खर्चून सुधारते.

पायाच्या खड्ड्याचा तळ, स्लॅबमधलं स्टील, बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, भिंतीत गाडलेले पाइप यांचं तसं नसतं. त्यांच्यावर पुढचं काम चढलं की ती नजरेआड होतात आणि मागे फक्त कागद उरतो. त्यावेळी खरोखर बघितलेली सही आणि न बघता ठोकलेली सही यांत कागदावर काडीचा फरक नसतो. म्हणून प्रमुखानं आपला वेळ इथे राखून ठेवायचा: झाकलं जाणारं काम, झाकलं जाण्याआधी, स्वतःच्या डोळ्यांनी.

दर दोन-तीन आठवड्यांनी एक स्लॅब ओतला जात असेल तर प्रत्येक स्लॅबमागे हे दोन-अडीच तासांचं काम आहे. ‘वेळ मिळत नाही’ या सबबीला इथे फारशी जागा नाही.

एक स्लॅब उघडून बघू

मजला २५० चौरस मीटरचा, स्लॅब १५० मिमी जाड. बीम धरून साधारण ६० घनमीटर काँक्रीट, म्हणजे सहा-सहा घनमीटरच्या १० गाड्या, आणि आत पाचेक टन स्टील. सेंट्रिंगचे (स्लॅबच्या साच्याचे) सुतार, सळ्या बांधणारे फिटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, काँक्रीटची गँग आणि पंपवाला अशा निदान सहा टोळ्यांचे हात या एका स्लॅबला लागतात.

तपासणी खालून सुरू करायची, म्हणजे टेकूंपासून, साइटच्या भाषेत प्रॉपपासून. बहुतेक जण वर चढून स्टील बघतात, कारण फोटो तिथे चांगला येतो. १५० मिमी ओल्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो होतं. त्यात प्लायवूड, माणसं, पंपाच्या पाइपचे हिसके धरले की मीटर-मीटरवर लावलेल्या प्रत्येक प्रॉपवर ६०० किलोंच्या आसपास भार येतो. बीमखाली त्याहून जास्त. प्रॉप ओळंब्यात आहे का, पिनेच्या जागी सळईचा तुकडा तर घातलेला नाही ना, आडवे ब्रेसिंग आहे का, हे बघा. पहिल्या स्लॅबला तर आणखी एक गोष्ट: प्रॉप भरावाच्या मातीवर उभे असतात. खाली फळी नसेल तर वरून गळणारं पाणी माती भिजवतं, प्रॉप १० ते १५ मिमी बसतो, आणि अर्धवट आवळलेल्या काँक्रीटला तिथेच तडा जातो. सकाळी कुणाला कळत नाही; प्लॅस्टर करताना कळतं.

मग वर. सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे बाल्कनी. बाकीचा स्लॅब दोन्हीकडून टेकलेला असतो, त्यामुळे ओझ्यानं त्याचं पोट ताणलं जातं आणि मुख्य सळ्या खाली असतात. बाल्कनी भिंतीतून हात पुढे काढावा तशी असते. तिची पाठ ताणली जाते, म्हणून तिच्या सळ्या वर हव्यात. १५० मिमीच्या स्लॅबमध्ये त्या तळापासून सुमारे १२५ मिमीवर येतात आणि सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्यांवर बसवलेल्या असतात. खुर्च्या कमी पडल्या आणि पंपाचा पाइप ओढणारी माणसं तिथून चालली, की सळ्या ४० मिमी खाली दबतात. १२५ चे ८५ झाले: बाल्कनीची ओझं पेलायची ताकद तिथल्या तिथे जवळजवळ एक तृतीयांशानं गेली. सळ्या तितक्याच, काँक्रीट तेच, वरून घोटाई सुंदर. म्हणून बाल्कनीत खुर्च्या मीटरभराच्या आत हव्यात, आणि काँक्रीट पडताना तिथे चालायला फळ्या टाकलेल्या हव्यात. ‘सळ्या वर ठेवा’ असं नुसतं ओरडून त्या वर राहत नाहीत.

कव्हर म्हणजे सळई आणि बाहेरची हवा यांच्यामधली काँक्रीटची जाडी. कोरड्या, सौम्य हवेत २० मिमी चालतं. कोकणपट्टीच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या भागाला ४५ मिमी लागतं. ड्रॉइंगवर आकडा असतोच. साइटवर त्याच्या जागी खडीचा दगड सरकवतात. दगड निसटतो, सळई प्लायला टेकते, आणि दहा-बारा वर्षांनी छताचे पोपडे पडून गंजलेली सळई लोंबायला लागते. योग्य जाडीचे सिमेंटचे ब्लॉक आहेत का, ते टेपनं मोजा. डोळ्याला २० आणि ३० सारखेच दिसतात.

शेवटी इलेक्ट्रिशियन. हा फिटरनंतर येतो, बहुतेकदा संध्याकाळी. फॅन बॉक्स बसत नाही म्हणून एखादी सळई कापतो, किंवा आठ पाइप एकमेकांना चिकटवून एकाच पट्ट्यातून नेतो. त्या पट्ट्यात मग काँक्रीट उरतंच किती? म्हणून तपासणी दोनदा करावी लागते: आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे दुरुस्तीला उजेड हाताशी राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्री कोण काय करून गेलं ते बघायला.

सही आणि गेटवरची गाडी

स्लॅबआधी भरायच्या कागदाला पोअर कार्ड म्हणतात. सेंट्रिंग, स्टील, इलेक्ट्रिक, प्लंबिंग, लेव्हल, सुरक्षा असे रकाने, प्रत्येकाची सही, आणि सर्वांत खाली प्रमुखाची. पद्धत चांगली आहे. तिची वाट कशी लागते ते बघा. सकाळी साडेदहा, पहिली गाडी गेटवर, ड्रम फिरतोय, कार्डावर तीन सह्या बाकी. काँक्रीट प्लांटवर मिसळल्यापासून साधारण दोन तासांत ओतून व्हायला हवं आणि त्यातले पन्नास मिनिटं रस्त्यात गेलेली. आता सही करणारा माणूस स्टीलकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

याला उपाय शिस्तीच्या भाषणात नाही, क्रमात आहे. प्लांटला ‘गाडी सोडा’ हा फोन शेवटची सही झाल्यानंतरच जायचा, आणि तो फोन सही करणाऱ्यानंच करायचा. एवढं केलं तरी निम्म्या खोट्या सह्या थांबतात, कारण बघायला वेळ उरतो.

खालच्या सहीचा अर्थही ठरवून टाका. वरच्या सहा जणांनी सांगितलं म्हणून मी सही केली, असा अर्थ असेल तर सातव्या सहीची गरजच काय? तिचा अर्थ ‘मी बघितलं’ एवढाच असायला हवा.

ओतकामाच्या दिवशी सगळ्यात स्वस्तात होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पाणी. काँक्रीट घट्ट वाटतं, पंप अडकतो, गँगचा माणूस गाडीत नळी सोडतो. हिशोब मांडून बघा. एका घनमीटरला ३६० किलो सिमेंट आणि १८० लिटर पाणी असेल तर पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.५० आलं. घनमीटरमागे २० लिटर वाढवलं तर ते ०.५५ च्या वर जातं आणि ताकद दहा टक्के, कधी त्याहून जास्त घसरते. सहा घनमीटरच्या गाडीला हे १२० लिटर झाले, २०० लिटरच्या पिंपातही निम्म्याहून थोडं अधिक. एवढं पाणी नळीतून कधी गेलं ते कळतही नाही. घट्टपणा घालवायचा तर प्लांटच्या क्वालिटीवाल्याला विचारून ॲडमिक्श्चरचा (काँक्रीट मऊ करणाऱ्या रसायनाचा) डोस द्यायचा. तो देऊनही स्लंप, म्हणजे काँक्रीटच्या मऊपणाचं माप, बसत नसेल तर गाडी परत.

आणि इथेच खरी परीक्षा असते. पंपापाशी उभा असलेला पंचविशीतला इंजिनिअर गाडी परत पाठवू शकतो का, की त्याला आधी तीन फोन करावे लागतात? तीन फोन होईपर्यंत गाडी रिकामी झालेली असते. त्याला हा अधिकार आधीच लिहून द्यायला हवा. त्यानं चुकून एखादी चांगली गाडी परत पाठवली तर ते नुकसान सोसायचं, आणि त्यावरून त्याला चारचौघांत झापायचं नाही. एकदा झापलंत की पुढची वाईट गाडी तो मुकाट्यानं उतरवून घेईल.

दूर बसलेला प्रमुख

अधिकार एका गावात आणि काम दुसऱ्या गावात असलं की काय होतं, याचं सर्वांत कडू उदाहरण कॅनडातल्या क्वेबेक पुलाचं आहे. सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सर्वांत लांब गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) पूल उभा राहत होता. गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता, तो वाढवून १८०० फूट केला, पण वाढलेल्या पोलादाच्या वजनाचा हिशोब नव्यानं केला नाही. चूक लक्षात आली तेव्हा बराच सांगाडा उभा होता, आणि जादा ताण चालून जाईल असा निर्णय झाला. निर्णय देणारे सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कला असत. वय झालेलं, प्रकृती साथ देत नव्हती. सांगाडा चढायला लागल्यानंतर ते एकदाही साइटवर गेले नाहीत. तरी शेवटचा शब्द त्यांचाच.

ऑगस्ट १९०७ मध्ये खालच्या बाजूचे, दाब घेणारे भाग वाकलेले दिसले. एका ठिकाणी आठवड्याभरात बाक पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. साइटवर वाद सुरू झाला: हे आत्ता वाकलं, की कारखान्यातूनच असं आलं? काम थांबवायची हिंमत आणि अधिकार दोन्ही असलेला एकही माणूस तिथे नव्हता. अखेर एक तरुण अभियंता मापं घेऊन रेल्वेनं न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला सकाळी कूपरना धोका कळला. त्यांनी पुलावर आणखी भार घालू नका अशी तार केली, पण ती पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कंपनीच्या कार्यालयाला. साइटला कुणीच कळवलं नाही. कार्यालयानं ‘उद्या बघू’ म्हटलं. त्याच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूल नदीत कोसळला. वर ८६ माणसं होती, ७५ गेली. पुढे चौकशी आयोगानंही नेमकं या दुखण्यावर बोट ठेवलं.

कूपर अडाणी नव्हते, बेफिकीरही नव्हते. त्या काळातल्या नामवंत पूल-अभियंत्यांपैकी एक होते. बाक टेपनं मोजणारा हात आणि ‘थांबा’ म्हणणारा आवाज यांच्यात शेकडो मैलांचं अंतर पडलं, एवढंच झालं.

उलट रचना बघायची तर आपल्याकडची कोकण रेल्वे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख होते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. जमीन, बोगदा, पूल, रूळ अशी खात्यांत वाटणी केली असती तर एकाच डोंगरापाशी चार साहेब भेटले असते. इथे शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात जे काही होईल त्याचा धनी एकच. २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर गाड्या धावायला लागल्या. यामागे पैसा उभा करण्यापासून नव्या तंत्रापर्यंत इतर बरीच कारणं होती, पण वाटणीचा हा मुद्दा लहान प्रकल्पालाही जसाच्या तसा लागू पडतो: काम शक्यतो जागेनुसार वाटा, खात्यानुसार नको.

‘छोटासा बदल’

साइटवर सगळ्यात घातक वाक्य कुठलं? ‘तेच आहे हो, फक्त थोडं बदललंय.’

अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात दोन हवाई पूल छताला पोलादी दांड्यांनी टांगलेले होते, एकाखाली एक. मूळ नकाशात एकच लांब दांडा वरच्या पुलातून आरपार जाऊन खालच्याला धरत होता. इतक्या लांब दांड्यावर आटे पाडणं अवघड, म्हणून दोन दांडे करायचं ठरलं: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, आणि वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत दुसरा. दिसायला तेच. पण दोरीला लटकलेल्या दोन माणसांचा विचार करा. आधी दोघांनी एकच दोरी आपापल्या हातानं धरली होती. आता खालचा माणूस वरच्याच्या पायाला लोंबकळतोय. दोरीवरचं ओझं तेवढंच, पण वरच्या माणसाच्या मुठीवर दुप्पट. त्या पुलाच्या जोडावर हेच झालं, आणि मूळचा जोडही नियमानुसार लागणाऱ्या ताकदीत कमीच होता. नव्या नकाशावर अभियंत्यांचा शिक्का पडला. जोडाचा हिशोब कारखान्यानं केला असेल असं त्यांना वाटलं, त्यांनी केला असेल असं कारखान्याला. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ जण गेले. जबाबदार अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले.

आपल्या साइटवर हाच बदल वेगळ्या कपड्यात येतो. फिटर सांगतो, ‘१६ ची सळई संपली, १२ ची टाकतो.’ १६ मिमीच्या सळईचं क्षेत्रफळ २०१ चौरस मिमी, १२ मिमीच्या सळईचं ११३. नगास नग बदललं तर स्टील जवळपास निम्म्यावर येतं. पाच सळ्यांच्या जागी नऊ लागतील; आणि नऊ सळ्या बीमच्या रुंदीत बसून मधून खडी उतरेल का, हा पुढचा प्रश्न. तो कन्सल्टंटनं सोडवायचा, फिटरनं नाही आणि साइट इंजिनिअरनंही नाही. नियम एवढाच: बदल कितीही लहान असो, हिशोब कुणी केला त्याचं नाव कागदावर आल्याशिवाय तो स्लॅबमध्ये जाणार नाही. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे हिशोब नव्हे.

‘दाखव’

प्रमुखाचं रोजचं हत्यार म्हणजे प्रश्न. ‘झालं का?’ असा प्रश्न विचारला की ‘हो साहेब’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि त्यात नेहमी लबाडी असते असंही नाही. सुपरवायझरच्या मते झालेलंच असतं. ‘दाखव’ म्हटलं की दोघांना जिने चढावे लागतात. खिशात पाच मीटरची टेप आणि टॉर्च ठेवा. सळ्यांचं अंतर ड्रॉइंगवर १५० असेल तर चार जागी टेप लावा, सगळीकडे लावायची गरज नाही. साहेब कुठे टेप लावेल ते आधी कळत नाही, हे फिटरला ठाऊक झालं की तो सगळीकडे नीट बांधतो.

तसंच टक्क्यांत उत्तरं घेऊ नका. ‘बाथरूमचं नव्वद टक्के झालं’ याचा अर्थ कुणालाच माहीत नसतो. काम नव्वद टक्क्यांवर महिनाभर बसून राहू शकतं. त्याऐवजी विचारा, २८ बाथरूमपैकी कितींत ४८ तास पाणी भरून ठेवलं, आणि कितींच्या खालचं छत कोरडं राहिलं? याचं उत्तर आकड्यातच येतं, आणि तो आकडा खाली जाऊन तपासता येतो.

दोन ठेकेदारांच्या मधल्या फटीत तर स्वतः डोकं घाला. ॲल्युमिनियमच्या खिडकीची चौकट आणि भिंत यांमध्ये राहणारी १० मिमीची फट कुणाची? खिडकीवाल्याच्या करारात ‘चौकट बसवणे’ असतं, गवंड्याच्या करारात ‘प्लॅस्टर’. सीलंट कुणाच्याच करारात नसतो, आणि जूनमध्ये पाणी नेमकं तिथूनच आत येतं. अशा फटींची यादी पावसाळ्याच्या चार महिने आधी करून प्रत्येकीसमोर एक नाव लिहिता येतं. लिफ्टचा खड्डा आणि लिफ्टवाला, टेरेसची आउटलेट आणि प्लंबर, केबलची भोकं आणि वॉटरप्रूफिंग. साइटवरून एक फेरी मारली की यादी आपोआप होते.

याची दुसरी बाजूही आहे. हात घालणारा प्रमुख कधी कधी हातातलं काम काढून घेतो. मुकादमाला डावलून थेट मजुराला हुकूम सोडला की दोन नुकसानं होतात: मुकादम विचार करायचा थांबतो, आणि संध्याकाळी चूक निघाली तर ‘साहेबांनीच सांगितलं होतं’ हे वाक्य तयार असतं. बघायचं सगळ्यांदेखत, सांगायचं मुकादमाला. अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा. तिथे जो बघेल त्यानं ओरडावं. आणि प्रमुख आठ दिवस गावाला जाणार असेल तर त्यानं उघड्या राहिलेल्या गोष्टी एका कागदावर लिहून, नावानिशी, दुसऱ्याच्या हातात देऊन जावं. ‘फोनवर आहेच मी’ हे क्वेबेकचं धोरण झालं.

अठ्ठावीस दिवसांचा पेच

स्लॅब ओतून झाला, वाफे करून पाणी भरलं. साध्या ओपीसी सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसीला (राखमिश्रित सिमेंटला) १०, उन्हाळ्यात १४. इथवर सगळं बरोबर. आता ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे भरून ठेवायचे ठोकळे. ६० घनमीटरला पाच नमुने, प्रत्येकी १५० मिमीचे तीन ठोकळे, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीचे १५. सात दिवसांचे हवे तर ते वेगळे. कुठल्या गाडीतून घ्यायचे ते प्रमुखानं ऐनवेळी बोटानं दाखवावं. ते काम ठेकेदाराच्या माणसावर सोडलं तर पंधराही ठोकळे दिवसातल्या सगळ्यात देखण्या गाडीतून निघतात.

पेच असा की निकाल २८ दिवसांनी आणि वरचा स्लॅब पंधराव्या दिवशी. सात दिवसांचा निकाल थोडा अंदाज देतो: एम-२५ साठी साधारण १६-१७ न्यूटनच्या आसपास, राखमिश्रित सिमेंटला आकडा थोडा मागे असतो. त्याच वेळी ठेकेदाराला वरच्या मजल्यासाठी प्रॉप हवे असतात, कारण त्याच्याकडे दोनच मजल्यांचं सेंट्रिंग आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवसांनी; बीम सहा मीटरपर्यंत असेल तर १४, त्यापुढे २१, अशी किमान मुदत काँक्रीटच्या भारतीय संहितेत आहे. पण तिच्यावर विसंबून वर ओलं काँक्रीट ओतलं, तर त्याचं सगळं ओझं नव्या प्रॉपमधून याच कच्च्या स्लॅबवर उतरतं. म्हणून वर ओतताना खालच्या दोन मजल्यांचे टेकू राहू द्यायचे. एक जादा सेट भाड्यानं आणायचा खर्च कुणाचा, हे करारातच लिहा. नाही तर तो वाद स्लॅबच्या आदल्या रात्री होतो आणि त्या वादात प्रॉप निघतात. काढतानाही गाळ्याच्या मधून टेकलेल्या कडांकडे जायचं. बाल्कनीला मात्र टोकाकडून भिंतीकडे.

आणि २८ व्या दिवशी आकडा कमी आला तर? वर एक मजला चढलेला असतो आणि दुसऱ्याची तयारी चालू असते. इथे ‘अजून एक रिपोर्ट मागवू’ म्हणत काम चालू ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण थांबवलं की थांबवणाऱ्याचं नाव पुढे येतं. ते नाव पोअर कार्डावर खाली सही करणाऱ्याचंच असायला हवं. त्यानं वरचं ओतकाम त्याच दिवशी लेखी थांबवायचं, खालचे टेकू परत लावायचे, आणि संशयाच्या भागातून निदान तीन कोअर, म्हणजे यंत्रानं कापलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढून घ्यायचे. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल, म्हणजे एम-२५ ला २१.२५ आणि १८.७५ न्यूटन, तर तो भाग चालतो. त्यातही नापास झाला तर प्रत्यक्ष भार ठेवून चाचणी, मग मजबुतीकरण किंवा तोडणं. कोअरची जागा कन्सल्टंटनं चालान आणि ओतकामाचा क्रम बघून खुणेनं आखून द्यायची, सळई टाळून. भोकं नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणाऱ्या) ग्राउटनं भरून घ्यायची, आणि कुठल्या गाडीचा माल कुठल्या गाळ्यात पडला याचं ओतकामाच्या दिवशी हातानं काढलेलं रेखाचित्र नसेल, तर ही सगळी शोधाशोध अंदाजानं करावी लागते. ते रेखाचित्र काढायला दर गाडीमागे अर्धा मिनिट लागतं.